कोणाचं दार वाजवशील?

त्या वर्षी मी घरात एका जागी बसले असेन, तर ती फक्त जेवायला. आणि तेही अर्धं ताट टाकून उठायची. नवरा ज्येष्ठ संपता संपता जर्मनीला गेला होता. पोलादाच्या पट्ट्या ओढणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला दोन वर्षांचं काम मिळालं होतं. माझा व्हिसा व्हायचा होता, म्हणून मी रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यात आईकडे येऊन राहिले. आणि आल्यावर थोड्याच दिवसांत कळलं की मला दिवस गेलेत.

एरवी ही पेढे वाटायची गोष्ट. आमच्याकडे तिच्यावरून भांडण सुरू झालं. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा आमच्या वऱ्हाडी माणसांचा कायदा. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले, बाबाही रेल्वेतच होते, माझा भाऊ तर मराठीत विचारलेल्या प्रश्नालाही हिंदीत उत्तर देतो. पण कायदा तिकडचा तो तिकडचाच. नवरा म्हणत होता, तू इकडे ये, इथले दवाखाने चांगले आहेत, मूल होताना मी जवळ नसलो तर मला सहन होणार नाही. मलाही होणार नव्हतं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, मला त्याच्याजवळ राहायचं होतं, आणि हे मी आईला तोंडावर सांगितलं. ती रागावली नाही. तांदूळ निवडता निवडता तिने एवढंच विचारलं:

"जावई ड्युटीवर असला अन् तुह्या पोटात दुखून आलं, तर तू कोणाचं दार वाजवशील? सांग मले."

मी म्हटलं, शेजाऱ्यांचं.

"कोणत्या शेजाऱ्याचं? तो उघडीन काय?"

मला राग आला. चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले.

बाहेर तरी कुठे धड चालता येत होतं? छत्तीसगड राज्य नवं, राजधानी नवी, त्यामुळे सगळे रस्ते उकरून ठेवलेले. सरकारी पाट्यांवरची जुन्या राज्याचं नाव खरवडून नवं रंगवत होते आणि खालची अक्षरं वरच्या रंगातून डोकावत होती. शंकर नगरात ज्या घरांपुढे कालपर्यंत सायकली असायच्या तिथे लाल दिव्यांच्या गाड्या उभ्या. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानेही दुकानाला 'राजधानी' नाव देऊन टाकलं होतं, माल मात्र तोच आणि उंदीरही तेच. मी त्या धुळीतून नुसती चालत सुटायची. पोटात एक जीव आणि डोक्यात आईचा प्रश्न.

नवऱ्याचा रविवारी फोन यायचा. त्याला मी विचारलं, तुझ्या ओळखीचं तिथे कोण कोण आहे? तो म्हणाला, लोक फार चांगले आहेत, भेटले की नमस्कार करतात. आणि नमस्कारानंतर? नमस्कारानंतर पुढे निघून जातात, म्हणाला. मला हसू आलं. हा माणूस त्या गावात तीन आठवडे राहून एक दार मिळवू शकला नव्हता. म्हणजे ते काम माझ्यावर आलं. जायच्या आधी, इथे बसून.

शंकर नगरात एक सायबर कॅफे होता. प्लायवूडच्या खोकड्या, प्रत्येकीला पडदा, आणि शेजारच्या खोकडीत कुणी शिंकलं की आपला पडदा हलायचा. तिथे मी नवऱ्याच्या गावाचं नाव टाकून शोधलं. गाव लहान, तरी त्याचं स्वतःचं पान होतं: चर्चचा फोटो, नदीचा फोटो, आणि खाली पाहुण्यांनी चार शब्द लिहावेत म्हणून जागा. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, मी भारतातून तुमच्या गावात राहायला येणार आहे, मला मूल होणार आहे, मला एका बाईची ओळख हवी आहे. लिहून झाल्यावर वाटलं, हे काय भलतंच, घरकाम करायला बाई हवी असल्यासारखं वाटतंय. पण पुसायचं कसं ते कॅफेवाल्या भैयालाही माहीत नव्हतं.

तीन उत्तरं आली. एक विमा विकणाऱ्याचं. दुसरं एका निवृत्त गृहस्थांचं, त्यांनी बसचं वेळापत्रक आणि हिवाळ्यात कोणते बूट घालावेत ते कळवलं होतं. तिसरं तिचं.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. ती गावच्या पोहायच्या तलावावर खिडकीत बसून तिकिटं द्यायची. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, तिचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं, त्यामुळे आमचं बरं जमलं. म्हातारी आई खालच्या मजल्यावर, ही वरच्या. तिने मला गावातली दाई कुठे बसते ते कळवलं, दुकानं रविवारी बंद असतात ते कळवलं. पत्र आठवड्यातून एकदा, तेही रविवारी. मी मात्र रोज जाऊन बघायची. आज तर बुधवार आहे, हे ठाऊक असूनही जायची. भैया मला बघितल्याबरोबर मान हलवायचा, म्हणजे दीदी, आज भी कुछ नहीं.

आईला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की झाली बुवा मैत्रीण. काय करते, आईने विचारलं. मी सांगितलं.

"तलावात आंघोळ कराले तिकीट? मंग त्या गावात फुकट दार कोण उघडते, बाई."

आणि मग ती नेहमीसारखी बोलून गप्प बसली नाही. म्हणाली, मैत्रिणी काय, बसमध्येही होतात आणि उतरलं की संपतात. तुझ्या भोजलीसारखं कोणी आहे का तिथे? असेल तर जा, मी आडवी येणार नाही.

हे ऐकून मी थक्क झाले, कारण भोजलीची सगळ्यात जास्त चेष्टा आईनेच केली होती.

भोजली म्हणजे गव्हाची कोवळी रोपं. श्रावणात छत्तीसगडच्या बाया टोपलीत माती घालून गहू पेरतात, टोपली अंधाऱ्या खोलीत ठेवतात, हळदीचं पाणी शिंपतात. उजेड न लागल्यामुळे रोपं हिरवी होत नाहीत, पिवळीधमक वाढतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तलावावर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. आणि त्याच दिवशी दोन मुली एकमेकींच्या कानावर ती रोपं खोचून मैत्री बांधतात. त्याला म्हणतात भोजली बदणं. एकदा बदली की जन्मभर. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भेटल्यावर 'सीताराम भोजली' म्हणायचं. तिची आई ती माझी फूलदाई, माझी आई ती तिची फूलदाई. तिच्या घरचं सुतक मला, माझ्या घरचं तिला.

मी अकरा-बारा वर्षांची असताना पुरानी बस्तीतल्या माझ्या वर्गातल्या मुलीशी अशी भोजली बदले. घरी कानावर पिवळी पाती घेऊन आले तेव्हा आई म्हणाली होती, मैत्री काय लग्न आहे, विधी करून करायला? पुढची कितीतरी वर्षं भोजली आमच्या घरी येऊन आईला फूलदाई म्हणायची आणि आई लाजल्यासारखी आत निघून जायची. मग बाबा गेले. आमच्या नात्यातली माणसं नागपूर-अकोल्याहून पोचेपर्यंत भोजलीच्या घरचे सगळे येऊन बसले होते. दहाव्याला तिच्या भावाने माझ्या भावाच्या शेजारी बसून डोक्याचे केस उतरवले. आई त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे बघत राहिली. त्यानंतर भोजली आली की ती आत जात नाही, तिला ताट वाढते.

तर आईची अट ही होती. मैत्रीण नको, भोजली हवी. मला वाटलं, एवढंच ना?

इथे माझा उतावळेपणा नडला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. राखीच्या दुसऱ्या दिवशी मी भोजलीबरोबर महाराजबंध तलावावर गेले. दिवस गेलेत म्हणून आईने पाण्यात उतरायला मनाई केली होती. मी काठावरूनच दोन पाती मागून घेतली आणि तशीच रिक्षाने शंकर नगर गाठलं. एक पातं स्वतःच्या कानावर, एक संगणकावर ठेवलं. भैयाने बघून न बघितल्यासारखं केलं. आणि मी पत्र लिहिलं: सीताराम भोजली, आजपासून तू माझी भोजली, आजपासून मी तुझं नाव घेणार नाही, तुझी आई ती माझी आई. खाली माझंही नाव लिहिलं नाही, नुसतं 'तुझी भोजली'. पाठवून टाकलं आणि इतकं हलकं वाटलं की वाटेत उभं राहून दोन प्लेट गुपचूप, म्हणजे आपली पाणीपुरी, खाल्ली.

रविवारी उत्तर आलं. चार ओळींचं. हे पत्र बहुधा दुसऱ्या कुणासाठी होतं आणि चुकून माझ्याकडे आलं असावं. वरचं नाव माझं नाही. काळजी नसावी, मी ते पुसून टाकलं आहे. खाली तिचं पूर्ण नाव, आडनावासकट.

मला रडू आलं. खोकडीत पडदा ओढून रडले, शेजारी कुणीतरी गाण्याचा आवाज वाढवला. अपमान झाला म्हणून नाही, तर त्या चार ओळी इतक्या सभ्य होत्या म्हणून. नमस्कार करून पुढे निघून जाणारी माणसं.

तेवढ्यात व्हिसा आला. तिकीट अश्विनातलं निघालं, जायचं आणि यायचं. यायचं तिकीट आईच्या हट्टापायी. ती म्हणाली, जाऊन बघ, पण पाठीशी कुणी नसलं तर सातवा लागायच्या आत परत ये, नंतर विमानवाले बसू द्यायला का-कू करतात. नवऱ्याने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे तू दोन महिन्यांसाठी येणार. मी म्हटलं, मला काय माहीत. फोन मीच आधी ठेवला. मग सामान बांधायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. रात्रीची झोप गेली, दिवसा कुणी बोललं की अंगावर जायची. भाऊ म्हणाला, दीदी, थोड़ा बैठ जाओ. त्याच्यावरही गेले.

शेवटी भोजलीकडे पुरानी बस्तीत गेले. ती अंगणात वड्या घालत होती. मी घडलेलं सगळं एका दमात सांगितलं आणि त्या बाईला दोन शिव्याही घातल्या. तिने हात धुतले, पदराला पुसले.

"ओला पूछे रहेस, भोजली? बिना पूछे कोनो बदथे?"

तिला विचारलं होतंस का? न विचारता कुणी बदतं का? तिच्या आईने माझ्या आईला विचारलं होतं, म्हणाली, तुला आठवत नाही. तीन वेळा आली होती तुमच्या घरी. तिसऱ्या वेळी फूलदाईने चहा पाजला, तेव्हा आम्ही हो समजलो. ते मला खरंच माहीत नव्हतं. आईने इतक्या वर्षांत त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

मी परत कॅफेत जाऊन बसले आणि या वेळी घाई केली नाही. वर तिचं नाव लिहिलं, खाली माझं. भोजली कशी पेरतात, कशी अंधारात ठेवतात, किती दिवस ठेवतात, ती पिवळी का होते, ते सगळं लिहिलं. माझ्या बाबांचं आणि भोजलीच्या भावाच्या डोक्याचं लिहिलं. आईचा प्रश्न लिहिला, जसाच्या तसा. आणि शेवटी विचारलं: माझ्या पोटात दुखलं आणि नवरा घरी नसला तर मी तुझं दार वाजवू का? नाही म्हटलंस तरी चालेल, मला राग येणार नाही. हे शेवटचं वाक्य खोटं होतं.

एक रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढच्याला उत्तर आलं. लिहिलं होतं, मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तीही वसंतातल्या त्यांच्या सणाला बशीत गहू पेरते, पण खिडकीत ठेवते, त्यामुळे हिरवा होतो. तिला काही विचारायचं आहे. गहूच लागतो का? माती कुठली? हळद बाजारात पुडीत मिळते ती चालेल का?

बस. दाराबद्दल एक शब्द नाही.

"म्हणजे हो का नाही?" आईने विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही. पण आईच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. ती म्हणाली, हळदीचं विचारते म्हणजे बाई कामाची दिसते. तिने मला एका चिंधीत हळकुंडं बांधून दिली, विमानात चालत नसतील तर टाकून दे म्हणाली. गाडीत बसताना भोजलीने माझ्या पोटाला हात लावला आणि सीताराम म्हटलं. खिडकीतून मी बघत होते तोपर्यंत आई नाक्यावरच्या उकरलेल्या मातीत उभी होती.

जर्मनीत पोचल्यावरही माझे पाय थाऱ्यावर नव्हते. नवऱ्याला बघून जीव सुखावला, खोटं कशाला बोलू. पहिले दोन दिवस मी त्याचा हात सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि त्या घरातली शांतता अंगावर आली. जिन्यात एकजण भेटली, नमस्कार करून पुढे गेली. मी परतीच्या तिकिटावरची तारीख बघून पुन्हा पाकिटात ठेवली.

पत्रातल्या मैत्रिणीने शनिवारी चार वाजता येते असं कळवलं होतं, आणि चाराच्या ठोक्याला घंटा वाजली. दारात ती, आणि तिचा दंड धरून तिची आई. ठेंगणी, जाड चष्म्याची म्हातारी. तिच्या हातात स्वयंपाकघरातल्या फडक्याने झाकलेली मातीची बशी होती. बसायच्या आधीच तिने फडकं काढलं.

गहू. वीतभर वाढलेला, आणि पिवळा. अगदी आपल्याकडच्यासारखा, फिकट, पिवळाधमक. मुलगी सांगत होती, आईने तळघरात ठेवला होता, दिवा लावायला मला बंदी होती, मी केकची साखर आणायला गेले तर ओरडली. तिचा सण अजून पाच महिने दूर होता. म्हातारीने एक पातं खुडलं, माझ्या जवळ आली आणि कानावर खोचलं. मग मला खूण केली. मी एक पातं घेतलं आणि तिच्या मुलीच्या कानावर खोचलं. केस आखूड, पातं राहीना. ती हाताने धरून उभी राहिली. आणि म्हणाली, बोजली. सीताराम तिला म्हणता आलं नाही, पण नाव तिने घेतलं नाही. मीही त्या दिवसापासून घेतलेलं नाही.

मी रडतच रायपूरला फोन लावला. आईने आधी तब्येत विचारली नाही.

"आली काय ते? गहू आणला काय?"

हो म्हटलं.

"हिरवा का पिवळा?"

"पिवळा, आई."

मग ती म्हणाली, "तिची माय आहे काय तिथं? तिले माहा सीताराम सांग. अन् सांग, पोट्टी आता तुही."

मी ते इंग्रजीत नव्या भोजलीला सांगितलं, तिने आईच्या कानाशी वाकून मोठ्याने तिच्या भाषेत सांगितलं, कारण म्हातारीला कमी ऐकू येत होतं. म्हातारीने मान हलवली. पर्स उघडली, आत बराच वेळ हात घातला, आणि एक किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं वरून मिटवली. काहीतरी बोलली. भोजलीला हसू आलं.

"काय म्हणते?" आई फोनवर विचारत होती. "काय म्हणून राहिली ते?"

"आई, ती म्हणते, दार वाजवून उपयोग नाही, मला ऐकू येत नाही. किल्लीने उघडून सरळ आत ये."

आई रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही तिला असं मोकळं रडताना मी ऐकलं नव्हतं. मग तिने नाक पुसलं असावं, कारण आवाज एकदम नेहमीचा झाला.

"मंग ते परतीचं तिकीट ठेवून काय करतं," ती म्हणाली. "राह्य तिथंच."